जुन्या वस्तूतला प्रकाश-सेन्सर फिशटँकच्या दिव्याचं रीडिंग चुकवतो तेव्हा काय तपासावं

बंद पडलेला लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र), जुना कॅमेरा, अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, धुराचा अलार्म, मोडकं खेळणं. यांतल्या कशातूनही प्रकाश ओळखणारा एखादा तुकडा निघतो आणि तो फिशटँकच्या दिव्याखाली धरून प्रकाश मोजावा असं मनात येतं. कल्पना चांगली आहे. असे सेन्सर मी स्वतःसाठी आणि ओळखीतल्यांसाठी वारंवार बसवले आणि दुरुस्त केले आहेत. तक्रार दर वेळी जवळजवळ एकच असते: सेन्सर चालतो, पण आकड्यावर विश्वास बसत नाही.

या तक्रारीत सेन्सर खरोखर मेलेला क्वचितच निघतो. दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो, नाहीतर आत शिरलेल्या पाण्यात. कधी कधी त्या सेन्सरला दिसतच नाही असा प्रकाश आपण त्याला मोजायला सांगितलेला असतो. पण हे न तपासता लोक आकड्यावर भरवसा ठेवून दिवा वाढवतात आणि मग झाडांवर शेवाळ चढतं, समुद्री टाकीत कोरल (प्रवाळ) पांढरं पडतं. म्हणून आधी सेन्सर तपासा, मग दिव्याला हात लावा.

लक्षणं

तुमचं लक्षण यांतलं कोणतं ते आधी ठरवा.

- दिवा मंद असताना आकडा बदलतो, पण निम्म्यापुढे दिवा वाढवला की आकडा तिथेच अडकून बसतो.
- दिवा कितीही बदला, आकडा जेमतेम हलतो.
- पूर्ण अंधारातही शून्य येत नाही.
- आकडा सतत नाचतो, दोन रीडिंग सारखी येत नाहीत.
- सुरुवातीला ठीक होतं, पण दिवसागणिक आकडा सरकत चालला आहे.
- हवेत ठीक, पाण्यात बुडवताच आकडा घसरतो.
- खिडकीतलं ऊन आलं की आकडा भलताच चढतो, किंवा निळ्या दिव्याखाली तो जवळजवळ शून्य होतो.

आणखी एक लक्षण आहे, ते मात्र तपासत बसायचं नाही: टाकीच्या पाण्याला हात लागला की झिणझिण्या येणं. तसं होत असेल तर बाकी सगळं सोडून थेट शेवटचा भाग वाचा.

हत्याराशिवाय होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी दिव्याचीच. हल्लीच्या बऱ्याच एलईडी दिव्यांत सकाळी हळूहळू उजळण्याची आणि संध्याकाळी मावळण्याची सोय असते. ती चालू असताना मोजलं तर सेन्सर बरोबर असूनही दर मिनिटाला वेगळा आकडा येणार. दिवा एका ठरावीक पातळीवर स्थिर करा आणि पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. एलईडी तापत जाते तसा तिचा प्रकाश थोडा उतरतो. टी-५ ट्यूबचं उलट असतं, तिला पूर्ण उजळायला काही मिनिटं लागतात.

मग फिल्टर आणि हवेचा पंप थोडा वेळ बंद करा. पाण्याच्या पृष्ठभागावरची प्रत्येक लाट भिंगासारखं काम करते. तळाशी नाचणाऱ्या प्रकाशाच्या रेघा आपण पाहतोच, त्या सेन्सरवरून सरकल्या की आकडा नाचतो. पृष्ठभाग शांत झाल्यावर आकडाही शांत झाला, तर सेन्सरमध्ये काहीच बिघाड नाही. मोजून झालं की पंप आठवणीने सुरू करा. मासे जास्त असलेल्या टाकीत ऑक्सिजन फार लवकर कमी होतो.

झाकणाची काच पुसा. वाळलेल्या पाण्याचे पांढरे डाग आणि समुद्री टाकीतला मिठाचा थर बराच प्रकाश खातात. सेन्सरच्या तोंडावर शेवाळाचा बुळबुळीत थर आला असेल तर तोही पुसा. क्षार जमले असतील तर पातळ व्हिनेगरमध्ये कापूस बुडवून, टाकीच्या बाहेर. "दिवसागणिक आकडा उतरतोय" ही तक्रार कित्येकदा एवढ्यानेच मिटते.

आता अंधाराची चाचणी. सेन्सर ॲल्युमिनियम फॉइलमध्ये दोन-तीन वेढे देऊन गुंडाळा, फक्त वायर बाहेर राहू द्या. उघड्या पायांना फॉइल टेकू देऊ नका. काळं कापड किंवा काळं प्लास्टिक इथे चालत नाही, कारण डोळ्यांना काळं दिसणाऱ्या पुष्कळ वस्तूंतून अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश आरपार जातो आणि सिलिकॉनच्या सेन्सरला तो चांगलाच दिसतो. फॉइलमध्ये आकडा शून्यावर आला की नाही ते पाहा. आला नाही तर दोष विजेच्या गळतीचा किंवा सर्किटचा आहे, पुढच्या तपासण्या त्यासाठीच आहेत.

फॉइलमध्ये शून्य, पण नुसतं तोंड झाकलं तर शून्य नाही, असंही होतं. सेन्सर पारदर्शक एपॉक्सीत ओतलेला असला की प्रकाश बाजूने आणि मागून शिरून आतल्या आत परावर्तित होत चिपपर्यंत पोहोचतो. मागची बाजू आणि कडा काळ्या रंगाने बंद करा, तोंडाचाच भाग मोकळा ठेवा. टाकीत हे फार महत्त्वाचं असतं, कारण तळातली पांढरी वाळू आणि बाजूच्या काचा खालूनही प्रकाश फेकतात.

तुमच्या हातात नेमकं काय आहे

टीव्हीचा एक रिमोट आणि पांढरा एलईडी टॉर्च घ्या. टॉर्चच्या प्रकाशाला सेन्सर काहीच प्रतिसाद देत नाही आणि रिमोटचं बटण दाबल्यावर आकडा हलतो, असं असेल तर त्या सेन्सरच्या काळ्या आवरणातून फक्त अवरक्त प्रकाश जातो. टाकीचा दिवा मोजायला तो निरुपयोगी आहे, बाजूला ठेवा. टीव्हीतून निघालेला तीन पायांचा रिसीव्हरही नको. त्याच्या आत आधीच सर्किट असतं आणि ते ३८ किलोहर्ट्झच्या आसपास लुकलुकणाऱ्या सिग्नललाच ओळखतं. स्थिर प्रकाश त्याला कळत नाही.

नागमोडी रेघ असलेली छोटी गोल चकती म्हणजे एलडीआर. तो कॅडमियम सल्फाइडचा असतो. त्याची रंगांची नजर माणसाच्या डोळ्याच्या बऱ्यापैकी जवळ असते, हा त्याचा गुण. पण प्रकाश दहापट झाला तर त्याचा रोध साधारण पाचपटच उतरतो, आणि आधी तो किती उजेडात होता याची छाप काही काळ राहते. अंधारातून काढून लगेच मोजलं तर वेगळा आकडा, दहा मिनिटांनी वेगळा. सुरुवातीला याच्यावर वेळ घालवू नका असंच मी सांगतो. शिवाय कॅडमियम विषारी आहे. तडा गेलेला किंवा वरचं आवरण निघालेला एलडीआर टाकीच्या पाण्यात कधीही घालू नका.

दोन पायांचा, सपाट तोंडाचा, आत गडद चौकोनी चिप दिसणारा तुकडा बहुधा फोटोडायोड असतो. हा हाती लागला असेल तर तो सोडू नका. बीपीडब्ल्यू३४ हा त्यातला सर्वांत ओळखीचा. त्याची चिप साडेसात चौरस मिलिमीटरची असते. गोल भिंगाच्या डोक्याचा, एलईडीसारखा दिसणारा तुकडा बहुधा फोटोट्रान्झिस्टर असतो. तोही चालतो, पण तो एका दिशेनेच पाहतो आणि प्रकाशाच्या प्रमाणात तितका काटेकोर राहत नाही.

सुटं करायच्या आधीच्या सूचना थोडक्यात. कॅमेऱ्यात फ्लॅश असेल तर त्याच्या कपॅसिटरमध्ये, बॅटरी काढून खूप दिवस झाले तरी, सुमारे ३०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. धुराच्या अलार्मवर किरणोत्सर्गाचं चिन्ह असेल तर तो उघडूच नका, त्यात अमेरिशियम-२४१ असतं. प्रकाश-सेन्सर असतो तो दुसऱ्या, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक प्रकारच्या अलार्ममध्ये.

दोन टॉर्चची बेरीज

मला एकच तपासणी ठेवायची मुभा असेल तर मी ही ठेवीन. हिला दुसरा लक्समीटर लागत नाही, कुठलं कोष्टकही लागत नाही.

खोली अंधारी करा. सेन्सर टेबलावर चिकटवून टाका, हलू देऊ नका. दोन टॉर्च पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर असे ठेवा की दोन्हींचा प्रकाश सेन्सरवर पडेल. आता तीन रीडिंग घ्या: फक्त पहिला, फक्त दुसरा, दोन्ही एकत्र. अंधारातलं रीडिंग प्रत्येकातून वजा करा. तिसरा आकडा पहिल्या दोनांच्या बेरजेइतका यायला हवा. सेन्सरवर पडणारा प्रकाश खरोखरच बेरजेइतका आहे, तेव्हा आकडा तसा येत नसेल तर दोष मोजणीत आहे. यात वादाला जागाच नाही.

समजा मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट आणि रोध मोजायचं यंत्र) करंटवर ठेवून पहिला २२ मायक्रोअँपिअर, दुसरा ३१ आणि दोन्ही मिळून ५३ आला. मोजणी निर्दोष आहे. पण मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून तेच केलं तर साधारण ०.३३, ०.३४ आणि ०.३५ व्होल्ट असं काहीसं दिसेल. "दिवा कितीही बदला, आकडा हलत नाही" या तक्रारीचं मूळ इथे आहे.

कारण असं: फोटोडायोड प्रकाशाच्या प्रमाणात करंट देतो. व्होल्टेज प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही. डायोड मोकळा ठेवून नुसतं व्होल्टेज मोजलं, आणि व्होल्टवर ठेवलेला मल्टिमीटर म्हणजे जवळजवळ मोकळंच सोडणं, तर प्रकाश दुप्पट झाला तरी व्होल्टेज अठरा-वीस मिलिव्होल्टच वाढतं. सेन्सर बरोबर सांगत असतो, आपण प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. मल्टिमीटरची लाल वायर मायक्रोअँपिअरच्या खाचेत घाला आणि पुन्हा तीन रीडिंग घ्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

इथे दोन गोष्टी सांभाळा. करंटवर काहीच दिसत नसेल तर आधी मल्टिमीटरचा आतला फ्यूज पाहा, करंटच्या खाचेचा फ्यूज उडालेला असणं अगदी नेहमीचं आहे. आणि २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजवर बेरीज थोडी कमी भरत असेल तर २००० ची रेंज घेऊन पाहा. लहान रेंजमध्ये मीटरचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्याच्यावर व्होल्टेज साठतं आणि डायोड पुन्हा आधीच्याच दोषाकडे सरकतो.

कोन आणि पाणी

टाकीतला प्रकाश एकाच दिशेने येत नाही. म्हणून सेन्सर दिव्याच्या सरळ समोर धरून एक रीडिंग घ्या, मग जागा न बदलता तो ६० अंशांनी तिरका करा. आकडा निम्मा व्हायला हवा. एकदम पडून दहाव्या हिश्श्यावर आला तर सेन्सर भिंगवाला आहे आणि बाजूने येणारा प्रकाश तो सोडून देतो. अशा सेन्सरच्या तोंडावर दुधी ॲक्रिलिकचा किंवा पांढऱ्या टेफ्लॉनचा पातळ तुकडा बसवा. आकडे एकूण कमी होतील, पण तिरक्या प्रकाशाची कसर बरीच भरून निघेल. तुकडा बसवल्यावर कोनाची चाचणी पुन्हा करा.

पाण्यात बुडवताच आकडा घसरतो, तो बिघाड नाही. दुधी तुकड्यात शिरलेल्या प्रकाशातला काही भाग आतल्या आत विखरून पुन्हा तोंडातून बाहेर पडतो. बाहेर हवा असेल तर सीमेवरून त्यातला बराच प्रकाश परत आत वळतो. बाहेर पाणी असेल तर प्लास्टिक आणि पाणी यांच्यातला फरक कमी म्हणून तो सहज निसटतो. पाहायचंच असेल तर रिकाम्या भांड्याच्या तळाशी सेन्सर ठेवून रीडिंग घ्या आणि सेन्सर जेमतेम बुडेल एवढंच पाणी ओता. दिवा तोच, अंतर तेच, पाण्याची उंची बोटभरही नाही आणि आकडा खाली. या दोन आकड्यांचं गुणोत्तर लिहून ठेवा, पाण्यातल्या प्रत्येक रीडिंगला तेच लावायचं आहे. ज्यांना फक्त टाकीतल्या दोन जागांची तुलना करायची आहे त्यांनी याची चिंता करू नये, दोन्ही रीडिंग पाण्यातली असली की पुरे.

आत शिरलेलं पाणी

अंधारातही शून्य येत नाही, आकडा दिवसागणिक सरकतो, वायर हलवली की बदलतो: ही लक्षणं पाणी आत शिरल्याची आहेत.

तपासणी सोपी आहे. एका वेगळ्या काचेच्या बरणीत पाणी आणि चिमूटभर मीठ घ्या. सेन्सर त्यात बुडवा. सर्किटपासून सुटी केलेली वायरची कोरडी टोकं एकत्र पिळून मल्टिमीटरच्या एका काडीला लावा, दुसरी काडी पाण्यात ठेवा आणि मीटर सर्वांत मोठ्या रोधाच्या रेंजवर न्या. काहीच दिसायला नको. मेगाओहमचा एखादा आकडा दिसला तरी पाण्याला आत वाट सापडली आहे. लगेच दिसलं नाही म्हणून खूश होऊ नका, रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. झिरपणं सावकाश होतं.

एक मेगाओहमने काय बिघडतं? डायोडवर ५ व्होल्ट लावलेले असतील तर एवढ्या गळतीतून ५ मायक्रोअँपिअर वाहतो. पांढऱ्या एलईडीखाली बीपीडब्ल्यू३४ हजार लक्सला (लक्स म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) सात-आठ मायक्रोअँपिअर देतो, असा हिशोब निघतो. म्हणजे गळती एकटीच सहाशे-सातशे लक्सचा खोटा प्रकाश दाखवते. शिवाय डीसी व्होल्टेजमुळे तांबं विरघळायला लागतं, सोल्डरच्या जोडाशी हिरवा थर येतो आणि ते तांबं टाकीत उतरतं. कोळंबी आणि कोरल तांबं सहन करू शकत नाहीत. हिरवं दिसलं की सेन्सर त्याच क्षणी टाकीबाहेर काढा.

पाणी शिरतं कुठून, तर बहुधा वायरच्या मधून. तोंडाला एपॉक्सी छान लागलेला असतो, पण बारीक तारांच्या वायरमध्ये, तारा आणि प्लास्टिक यांच्यामधल्या फटीतून पाणी आपोआप वर चढतं आणि सेन्सरच्या पायांपर्यंत येतं. वायरला एखादी चीर पाण्याखाली असली की पुरतं. उपाय असा: ओतायच्या जागी प्रत्येक वायरचं थोडं प्लास्टिक सोलून उघड्या तारांत सोल्डर पूर्ण मुरू द्या आणि तो उघडा भाग एपॉक्सीच्या आत गाडा. तिथे पाण्याची वाट कायमची बंद होते.

नुसत्या ग्लू-गनवर विसंबू नका. तो गोंद गुळगुळीत प्लास्टिकवरून कालांतराने सुटतो. चिकटवायचं सिलिकॉन सीलंट वापरणार असाल तर आंबट वास न येणारं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांब्याचे जोड खातं. झटपट चिकटणारा गोंद तोंडाजवळ नकोच, त्याची वाफ आसपास बसून पांढरी धूसर साय धरते आणि आकडा कायमचा उतरतो.

सर्किट: एक वायर उलटी करून पाहा

इथून पुढे अर्ड्युइनोसारखा बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट) जोडणाऱ्यांसाठी. मल्टिमीटरवर बेरीज जुळते, पण बोर्डावर नाही, असं असेल तर सेन्सर निर्दोष आहे.

सर्वांत कमी खटपटीची जोडणी ही: डायोडचा कॅथोड (ऋण पाय) ५ व्होल्टला, ॲनोड (धन पाय) बोर्डाच्या ॲनालॉग पिनला आणि त्याच पिनपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रोध. डायोड उलटा जोडलेला असल्यामुळे करंट प्रकाशाच्या प्रमाणात राहतो आणि रोधावरचं व्होल्टेजही. वीस हजार लक्सच्या पांढऱ्या एलईडीखाली साधारण दीड व्होल्ट मिळतो. कॅथोड ५ व्होल्टऐवजी ग्राउंडला जोडलेला असेल तर आकडा जेमतेम अर्ध्या व्होल्टपर्यंत जाऊन थांबतो, तेव्हा "अडकलेला आकडा" पुष्कळदा एवढी एक अदलाबदल करून मोकळा होतो.

आकडा अजून नाचत असेल तर दिवा पूर्ण क्षमतेवर करून पाहा. पूर्ण क्षमतेवर नाचणं थांबलं, तर दिवा मंद करायची पद्धतच लुकलुकण्याची आहे. एलईडी क्षणात पूर्ण चालू, क्षणात बंद होते, डोळ्यांना कळत नाही, पण बोर्ड मात्र कधी चालू क्षण पकडतो, कधी बंद. १० किलोओहमला समांतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ग्राउंडच्या बाजूला ऋण टोक. दशांश सेकंदाची सरासरी आपोआप निघते. विजेच्या ५० हर्ट्झमुळे सेकंदाला शंभर वेळा होणारी दिव्याची थरथरही यातच विरते.

ऑप-ॲम्प (डायोडच्या करंटचं मोठं व्होल्टेज करून देणारी चिप) लावला असेल तर त्याचं आउटपुट कुठे अडकतं ते मोजा. एलएम३५८ पाच व्होल्टवर चालवला तर त्याचं आउटपुट साडेतीन व्होल्टच्या आसपासच थांबतं. फीडबॅकला, म्हणजे त्याच्या आउटपुट आणि इनपुटच्या मधे, १०० किलोओहम असेल तर ३५ मायक्रोअँपिअरला, म्हणजे साडेचार हजार लक्सच्या आसपास, आकडा अडकणार. टाकीच्या दिव्याजवळ त्याहून कितीतरी जास्त प्रकाश असतो. फीडबॅकचा रोध १० किलोओहम करा.

शेवटचं, अर्ड्युइनो स्वतःच्या पुरवठ्यालाच मोजपट्टी समजतो. लॅपटॉपवर चालवताना आणि मोबाइलच्या चार्जरवर चालवताना ५ व्होल्ट सारखे नसतात, त्यामुळे आकडाही सारखा येत नाही. एकाच पुरवठ्यावर मोजा. ईएसपी३२ बोर्डावर वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या (ॲनालॉग पिनांच्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर रीडिंग मिळत नाही, वायर एडीसी-१ च्या पिनला हलवा.

सगळं बरोबर, तरी आकडा पटत नाही

मग प्रश्न रंगाचा आहे.

सिलिकॉन फोटोडायोड ४०० च्या आसपासपासून ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश पाहतो आणि त्याची नजर सर्वांत तीक्ष्ण असते ती ९०० च्या आसपास, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्तात. वनस्पती आणि कोरल वापरतात तो प्रकाश ४०० ते ७०० मधला. तंतूच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली बीपीडब्ल्यू३४ हजार लक्सला सत्तर-ऐंशी मायक्रोअँपिअर देतो, पांढऱ्या एलईडीखाली तेवढ्याच लक्सला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. सेन्सर तोच, लक्स तेच. म्हणून एका दिव्यावर जुळवलेला आकडा दुसऱ्या प्रकारच्या दिव्याला लावणं ही मला सर्वांत घातक चूक वाटते. उन्हाचंही तेच: खिडकीचे पडदे ओढूनच मोजा. बंद पडलेल्या वेबकॅमच्या भिंगामागे अवरक्त अडवणारी रंगीत झाक असलेली इवलीशी काच असते. ती जपून काढून डायोडच्या तोंडावर बसवली तर हा त्रास बराच कमी होतो.

लक्समीटरमधून काढलेल्या सेन्सरची अडचण उलटी. त्याच्यावरचा हिरवट फिल्टर माणसाच्या डोळ्याची नक्कल करतो. डोळ्याची संवेदना ५५५ नॅनोमीटरला १ धरली तर समुद्री टाकीतल्या ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला ती ०.०३८ असते आणि झाडांच्या दिव्यातल्या ६६० च्या लाल रंगाला ०.०६१. कोरलला भरपूर मिळणारा निळा प्रकाश हा सेन्सर जवळजवळ पाहतच नाही. त्याच्या आकड्यावरून निळा दिवा वाढवत नेऊ नका.

लक्सवरून झाडांना उपयोगी प्रकाश काढायचे भागाकार प्रचलित आहेत. उन्हासाठी लक्सला ५४ ने भागलं, पांढऱ्या ट्यूबसाठी ७४ ने, की मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद मिळतात. गोड्या पाण्यातल्या झाडांसाठी पांढऱ्या दिव्याखाली एवढा अंदाज पुरतो. निळ्या-जांभळ्या दिव्यांना मात्र यातला एकही भाजक लागू होत नाही.

समुद्री टाकी असेल तर खरा पार-मीटर (४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश मोजणारं यंत्र) एक दिवस कुणाकडून तरी मागून आणा. फक्त पांढरा चॅनल (दिव्यातला एका रंगाच्या एलईडींचा गट) लावून दोन्ही सेन्सर एकाच जागी ठेवून रीडिंग घ्या, मग फक्त निळा, मग उरलेले एकेक करून. प्रत्येक चॅनलचं गुणोत्तर वेगळं येईल, ते दिव्याच्या नावासह लिहून ठेवा. पुढे मोजताना एकेक चॅनल चालू करून त्याच्या-त्याच्या गुणोत्तराने गुणा आणि बेरीज करा. दिवा बदलला की हे सगळं नव्याने करावं लागतं.

इथे थांबा

पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर) पुन्हा पुन्हा पडत असेल, तर पाण्याला स्पर्श न करता मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हीटर, पंप किंवा दिवा यांतल्या कशातून तरी वीज पाण्यात उतरते आहे. ब्रेकर पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करणं हे जिवाशी खेळणं आहे. आणि आरसीसीबी मुळात बसवलेलाच नसेल, तर टाकीत वायर असलेली कुठलीही वस्तू सोडण्याआधी ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या.

आपोआप लागणाऱ्या दिव्याच्या फोटोसेलमधलं सर्किट बहुधा थेट मुख्य विजेवर असतं, मधे ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यातला सेन्सर पूर्ण सुटा काढून वापरा, ते सर्किट टाकीजवळ आणू नका. पाण्यात बुडणारा कुठलाही सेन्सर बॅटरीवर चालवा. मोबाइलच्या चार्जरवर चालवायचा मोह होतो, पण चार्जर आतून खराब झाला तर पाणी आणि मुख्य वीज यांच्यात काहीच उरत नाही.

मोजणीतला दोष शोधताना तो दिव्यात निघाला, म्हणजे एखादी एलईडीची रांग बंद, ड्रायव्हरला (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटला) जळका वास, टी-५ चा बॅलास्ट गुणगुणतोय, तर दिवा उघडू नका. ड्रायव्हरचे कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले असतात आणि मेटल हॅलाइड दिव्याच्या इग्निटरमधून चालू होताना हजारो व्होल्ट निघतात. दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि त्याला सेन्सरची रीडिंग दाखवा: कोणत्या चॅनलचा आकडा, किती दिवसांत, किती उतरला. त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

आणि एवढं सगळं करूनही कोरड्या टेबलावर, मल्टिमीटरवर, दोन टॉर्चची बेरीज जुळत नसेल, तर तो सेन्सर टाकून द्या. एलडीआर असेल तर ई-कचऱ्यात.